गुरुवार दोनदा, शुक्रवार दोनदा: सिंगापूर ते न्यूयॉर्क आणि परत

गुरुवार, रात्र

सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर काढायला शाळेतला भूगोल पुरतो. सिंगापूर साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर, न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला. बेरीज १७८. म्हणजे दोन्ही शहरं जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर बसलेली आहेत. अशा दोन ठिकाणांमधली सर्वात जवळची वाट पूर्वेलाही नसते आणि पश्चिमेलाही नसते. सरळ उत्तरेला सुटायचं, ध्रुवाजवळून पलीकडे जायचं आणि खाली उतरायचं. सिंगापूर विषुववृत्ताला खेटून, त्यामुळे तिथून ध्रुव ८८.६ अंश, ध्रुवापासून न्यूयॉर्क ४९.३ अंश. झाले जवळपास १३८ अंश. एका अंशाचे ६० सागरी मैल आणि एका सागरी मैलाचे १.८५२ किलोमीटर. गुणाकार १५,३३५ किलोमीटरवर येतो, आणि पृथ्वीचा चपटेपणा हिशेबात धरला तर १५,३४५च्या आसपास.

चांगी विमानतळावर बोर्डिंगची वाट बघत बसलेलो असताना हे सगळं मी मावशीला उत्साहाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते असू दे. माझी रक्तदाबाची गोळी सकाळी आठला असते. उद्या सकाळचे आठ कुठे वाजणार आहेत?"

प्रश्न वरवर दिसतो तेवढा सोपा नाही. तिकिटावर लिहिलं होतं: प्रस्थान रात्री ११.३५, आगमन दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या सुमारास. नुसतं वाचलं तर साडेसहा तासांचा प्रवास. पण या दोन वेळा वेगवेगळ्या घड्याळांतल्या आहेत. ऑक्टोबरात न्यूयॉर्क सिंगापूरच्या बरोबर १२ तास मागे असतं, त्यामुळे खरा वेळ साडेअठरा तास. १२ तासांच्या फरकाची गंमत अशी, की काट्यांचं घड्याळ फिरवावंच लागत नाही. दोन्हीकडे काटे तिथेच, फक्त इथली सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ. डॉक्टरांनी मावशीला एवढंच सांगितलं होतं, की दोन गोळ्यांमध्ये २४ तास जाऊ देत. तेव्हा ठरलं, तिचं मनगटी घड्याळ सिंगापूरचंच राहणार आणि गोळी त्याच घड्याळाप्रमाणे.

"मग तुझं ध्रुवाचं काय?" तिने विचारलं.

ध्रुवाचं काही नाही. त्या वाटेने आम्ही जाणारच नव्हतो. ती सरळ रेषा चीनमधल्या चेंगदूच्या बाजूने, मंगोलियावरून, बैकाल सरोवराच्या पश्चिमेकडून अख्खा सायबेरिया ओलांडत वर चढते. २०२२पासून अनेक विमान कंपन्या रशियाच्या आकाशातून जात नाहीत, आमचीही त्यातलीच. ते आकाश खुलं असतं, तरी न्यूयॉर्ककडे जाताना पॅसिफिकची लांबची वाट बऱ्याचदा सोयीची पडते. त्याचं कारण वारा. त्याच्याकडे उद्या येतो.

विमान एअरबस ए३५०-९००, पण त्यातला अतिलांब पल्ल्याचा प्रकार. सिंगापूर एअरलाइन्सने ही थेट सेवा पहिल्यांदा २००४ साली चार इंजिनांच्या ए३४०-५०० विमानांवर सुरू केली होती. ती विमानं इंधन भरमसाट पीत, आणि २०१३ साली सेवा थांबली. ऑक्टोबर २०१८मध्ये या दोन इंजिनांच्या विमानावर ती पुन्हा सुरू झाली. यात १,६५,००० लिटर इंधन मावतं. जेट इंधन पाण्याहून हलकं, तरी एवढ्याचं वजन सुमारे १३० टन होतं. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन २८० टन. म्हणजे टाक्या भरल्या की जवळपास निम्मं विमान म्हणजे इंधनच. ते पेलायचं तर माणसं कमी हवीत. याच कंपनीच्या लांब पल्ल्याच्या साध्या ए३५०मध्ये २५३ आसनं असतात, यात फक्त १६१, आणि सर्वात स्वस्त वर्ग मुळात नाहीच. लोकांना वाटतं हा श्रीमंती थाट आहे. मला तरी तो वजनाचा हिशेब वाटतो.

११.३५ ही वेळ विमान दारातून मागे सरकण्याची. चाकं जमिनीवरून सुटेपर्यंत बारा वाजत आले होते. तिकिटावरच्या साडेअठरा तासांत धावपट्टीपर्यंतचं हे रांगणं आणि पलीकडचंही धरलेलं असतं. अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून वेळ काढणाऱ्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो.

शुक्रवार, पण अर्धाच

जड विमान एकदम उंच जाऊ शकत नाही. पडद्यावरच्या नकाशात आम्ही बराच वेळ ३१,००० फुटांवरच होतो. इंधन जळून वजन उतरेल तसतसं विमान पायऱ्या चढत जातं, ३३,००० मग ३५,००० असं करत शेवटाकडे ४०,०००च्या जवळ. इतक्या लांब पल्ल्यात बरंचसं इंधन हे पुढचं इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडतं. मधे थांबा घेणाऱ्या विमानाला ही झळ कमी लागते.

मावशी दोन तासांत गाढ झोपली. मी नकाशा बघत बसलो. विमानातल्या पडद्यावर बघण्यासारखा कार्यक्रम हा एकच, असं माझं ठाम मत आहे. दक्षिण चीन समुद्र संपला, तैवान डावीकडे राहिलं, आणि निघाल्यापासून साडेपाच तासांनी जपानच्या दक्षिणेला समुद्रावर असताना खिडकीच्या कडेने तांबडं फुटलं. मावशीच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे पाच. सिंगापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे पूर्वेला पळून आम्ही दोन तास आधीच त्याला गाठलं होतं.

आणि मग वारा आला. वेगाचा आकडा इतका वेळ ९००च्या आसपास रेंगाळत होता, तो १,००० झाला, १,०५० झाला, थोडा वेळ ११०० पार गेला. इंजिनांचा जोर तेवढाच, हवेच्या तुलनेत वेगही तेवढाच. फक्त ती हवाच आमच्या दिशेने धावत होती. हा जेट प्रवाह. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी वाऱ्याची नदी, आणि जपानच्या आसपास ती जगातल्या सर्वात जोरदार ठिकाणांपैकी एक असते. उष्ण दक्षिणेकडची आणि थंड उत्तरेकडची हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकातून ती जन्मते, म्हणून हिवाळ्यात तिचा जोर वाढतो आणि उन्हाळ्यात ओसरतो.

हा वारा पद्धतशीरपणे मोजणारे पहिले शास्त्रज्ञ जपानचेच, वासाबुरो ओइशी. १९२०च्या दशकात ताटेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांनी वरच्या हवेचा वेग टिपला. निष्कर्ष जगभर वाचले जावेत म्हणून १९२६ साली त्यांनी अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. परिणाम असा, की तो फारसा कुणी वाचलाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकन बॉम्बर विमानांना हा वारा अक्षरशः अंगावर आल्यावर समजला.

आज याच वाऱ्याचा अंदाज घेऊन उत्तर पॅसिफिकवरच्या वाटा रोज नव्याने आखल्या जातात. म्हणून कालचं विमान ज्या रेषेने गेलं त्याच रेषेने आजचं जाईल असं नाही. आमच्या वाटेची लांबी शेवटी १६,६००च्या घरात गेली, ध्रुवाच्या वाटेपेक्षा सव्वाबाराशे किलोमीटर जास्त. पण मागून वारा असताना या जादा अंतराची भरपाई होते, आणि समोरून वारा असेल तर छोटी वाटही लांब पडते. जमिनीवरचं अंतर आणि हवेतलं अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैमानिक इंधन भरतात ते दुसऱ्या अंतरासाठी.

बरोबर आठला (सिंगापूरच्या) मावशीला उठवलं. बाहेर डोक्यावर ऊन, खाली नुसता पॅसिफिक. तिने गोळी घेतली, बाहेर बघितलं आणि म्हणाली, "हे सकाळचे आठ? हे तर दुपारचं ऊन आहे." बरोबर होतं तिचं. आमच्या खालच्या समुद्रावर दुपार होत आली होती.

गुरुवार, दुसऱ्यांदा

तासाभराने, किंवा थोड्या जास्त वेळाने, १८० अंशाचं रेखावृत्त ओलांडलं. आंतरराष्ट्रीय वाररेषा. घोषणा वगैरे काही झाली नाही. खालचा शुक्रवार दुपारचा होता तो गुरुवार दुपारचा झाला, एवढंच. आम्ही गुरुवारी रात्री निघालो होतो, शुक्रवारचा सूर्योदय बघितला होता, आणि आता गुरुवारच्या दुपारी पुढे चाललो होतो.

"आज वार कोणता रे?" मावशीने विचारलं.

"कुणाला विचारतेस त्यावर आहे."

"तुला विचारतेय."

मी गुरुवार म्हणालो. तिने घड्याळ दाखवलं, त्यात शुक्र होता. आम्ही दोघंही बरोबर होतो.

या रेषेबद्दल एक गोष्ट फार जण विसरतात. तिथे फक्त तारीख बदलते, वेळ नव्हे. सूर्य त्याच ठिकाणी असतो. पूर्वेला जाताना आपण दर १५ रेखांशांमागे घड्याळ एक तास पुढे ढकलत असतो. अशी २४ ढकलणी झाली की आपल्या खात्यात एक दिवस जास्त जमा होतो. तो कुठेतरी परत द्यावाच लागतो, आणि जगाने त्यासाठी समुद्राची ही कमी वस्तीची जागा निवडली आहे. तीही सरळ नाही. काही बेटसमूहांना एकाच तारखेत ठेवण्यासाठी ती मधे वाकडी होते.

दिवस फार लवकर आटोपला. सूर्य पश्चिमेला, आम्ही पूर्वेला, दोघांची पाठ एकमेकांकडे. सूर्योदयापासून सहा-साडेसहा तासांत, अलास्काच्या दक्षिणेला समुद्रावर असतानाच, मागे अंधार पडला. पुन्हा रात्र. एका उड्डाणात दोन रात्री. कॅनडावरून जाताना डावीकडची खिडकी मिळाली असेल तर ध्रुवप्रकाश दिसायची शक्यता असते म्हणून मी काचेला कपाळ लावून बसलो. ढगांशिवाय काही दिसलं नाही.

पुढे चार वैमानिकांमधले दोघं कामावर असणार आणि दोघं आपल्या झोपायच्या खोलीत. मागे आम्ही सगळे ६,००० फूट उंचीवरच्या डोंगरावर असते तेवढ्या दाबाच्या हवेत. जुन्या धातूच्या विमानांत हा दाब ८,००० फुटांएवढा ठेवावा लागे. याची बॉडी कार्बन तंतूंच्या मिश्रणाची, ती जास्त दाब सोसते. अठरा तासांत हा फरक डोक्याला जाणवतो. घसा मात्र कोरडा पडला तो पडलाच.

शुक्रवार, पुन्हा पहाटेपासून

नेवार्कला उतरलो तेव्हा अजून अंधार होता. नेवार्क म्हणजे न्यूयॉर्क नव्हे. हडसनच्या पलीकडचं, न्यू जर्सी राज्यातलं. पण तिकिटांच्या जगात ते न्यूयॉर्कच समजतात. याच कंपनीचं दुसरं थेट विमान केनेडी विमानतळाला जातं. सिंगापूरपासून मोजलं तर या दोन विमानतळांच्या अंतरात चार-पाच किलोमीटरचाच फरक आहे, त्यामुळे ‘जगातलं सर्वात लांबचं प्रवासी उड्डाण’ हा मान जवळपास नावापुरता केनेडीकडे जातो. उतरल्यावर मात्र फरक पडतो: कुणाला हडसनच्या कुठल्या काठाला जायचंय त्यावर तासभर इकडचा तिकडे होतो.

विमानतळाची छोटी रेल्वे घेऊन मोठ्या रेल्वेच्या स्टेशनावर आलो, आणि फलाटावर असताना सूर्य उगवला. आदल्या सूर्योदयाला चौदा तासही झाले नव्हते.

मधले दिवस

भाचीच्या लग्नाचे दिवस. ते इथे लिहायचे नाहीत. फक्त झोपेबद्दल थोडं.

१२ तासांचा फरक हा सर्वात वाईट. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं. फरक पाच तासांचा असेल तर कुठल्या बाजूला सरकायचं ते त्याला कळतं. बारा तासांवर दोन्ही बाजू सारख्याच लांब, आणि ते मधेच अडून बसतं. मी रोज पहाटे तीनला टक्क जागा. मावशी रोज रात्री आठला गोळी घ्यायची आणि नऊला झोपायची. तिला जेट लॅग शिवलाच नाही, आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

अशाच एका पहाटे मी एक हिशेब केला. सिंगापूरहून फ्रँकफर्टला थांबून न्यूयॉर्कला जाता येतं. सिंगापूर–फ्रँकफर्ट जवळपास १०,३०० किलोमीटर, फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क ६,२००. बेरीज साडेसोळा हजार. म्हणजे आम्ही ‘थेट’ येताना जेवढे उडलो जवळजवळ तेवढंच! थांबा घेतल्याने अंतर वाढत नाही, वाढतो तो वेळ: उतरणं, थांबणं, पुन्हा चढणं. पायांना आराम मिळतो, इंधनही कमी वाहावं लागतं. ज्यांना बसल्या बसल्या झोप लागत नाही, त्यांनी खुशाल थांबा घ्यावा. मावशीसारख्यांना थेट विमानच बरं.

रविवार

परतीचं विमान सकाळी दहाला. सोमवारी संध्याकाळी पाचला सिंगापूर. कागदावर ३१ तास, खरे १९च्या आत.

मला वाटलं होतं, आता पॅसिफिकवरून उलटं जायचं. पण तसं केलं तर ज्या वाऱ्याने येताना ढकललं तोच छातीवर घ्यावा लागेल. विमान धावपट्टी सोडून पूर्वेला वळलं आणि अटलांटिककडे निघालं. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेलाच! जेट प्रवाह पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे या दोन शहरांमध्ये जाताना-येताना दोन्ही वेळा वाऱ्याची बाजू पकडता येते. समोरासमोरच्या रेखावृत्तांवर असण्याचा हा फायदा. लंडन–न्यूयॉर्कला तो मिळत नाही. तिथे एका दिशेला वारा पाठीशी आणि दुसऱ्या दिशेला नाकासमोर, आणि वेळापत्रकात तासाभराचा फरक राहतो.

सव्वापाच तासांत अटलांटिकवरच सूर्य मावळला. युरोप अंधारात गेला. खाली शहरांचे उजेडाचे ठिपके, आणि पडद्यावर नावं: फ्रान्स, जर्मनी, मग काळ्या समुद्राची किनार. मावशीच्या घड्याळात आठ वाजले तेव्हा आम्ही कॉकेशसच्या आसपास होतो, बाहेर मध्यरात्र उलटून गेलेली.

"मागच्या वेळी सकाळचे आठ भर दुपारी वाजले होते," ती गोळी घेताना म्हणाली, "आज मध्यरात्री वाजले. तुझी पृथ्वी धड नाही."

सोमवार

कॅस्पियन ओलांडला आणि मध्य आशियाच्या वाळवंटावर सूर्य उगवला. पुढचं सगळं उजेडात. अफगाणिस्तानचे तपकिरी डोंगर, उत्तर भारताचं धुरकट मैदान, बंगालचा उपसागर, अंदमान, मलाक्काची सामुद्रधुनी. वारा केव्हाच मागे राहिला होता. विषुववृत्ताजवळ जेट प्रवाह पोचत नाही, वेगाचा आकडा पुन्हा ९००वर येऊन बसला आणि शेवटचे तीन तास फार हळू गेले.

मलाक्काच्या सामुद्रधुनीवर असताना मावशीने डबीतल्या गोळ्या मोजल्या. निघाल्यापासून अकरा संपल्या होत्या. मी वहीत सूर्योदय मोजत होतो, ते बारा भरले. तिने दोनदा मोजून बघितलं.

"म्हणजे एक दिवस जास्तीचा मिळाला?"

"नाही गं. अकराच दिवसांचे बारा तुकडे झाले. जातानाचे आणि येतानाचे दिवस तोकडे होते."

पूर्वेकडे जाऊन पृथ्वीला पूर्ण फेरी मारली की असं होतं. पश्चिमेकडे फेरी मारली की उलट. १५२२ साली मॅगेलनच्या ताफ्यातलं उरलेलं एकच जहाज केप व्हर्डेला लागलं, तेव्हा जहाजाच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावरचे लोक गुरुवार म्हणत होते. सफरीचा वृत्तांत लिहिणाऱ्या पिगाफेट्टाने रोज न चुकता नोंद ठेवली होती, त्याला आधी विश्वासच बसेना. त्यांना तीन वर्षं लागली आणि एक दिवस कमी पडला.

आमची फेरी मात्र पृथ्वीप्रदक्षिणा म्हणून कुणी नोंदवणार नाही. विमानाने पृथ्वीभोवती फिरण्याच्या विक्रमासाठी आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ किमान ३६,७८७ किलोमीटरची अट घालतो, कर्कवृत्ताएवढी लांबी. आमचे जाऊन-येऊन ३३,०००च्या आत भरले. रेखांश सगळे ओलांडले, पण उत्तरेकडच्या अरुंद भागातून.

ज्यांना या मार्गाने जायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. जाताना आणि येताना दोन्ही वेळा तोंड पूर्वेला असतं, त्यामुळे दुपारचं ऊन उजव्या खिडक्यांवर येतं. झोपायचं असेल तर डावी बाजू मागावी. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात. तेव्हापासून मार्चपर्यंत फरक १३ तासांचा असतो. मग काट्यांचं घड्याळ तसंच ठेवून चालत नाही, आणि सकाळी आठची गोळी तिकडे संध्याकाळी सातला येते.